एजंटला लेबलं शोधून द्यायची कशी: जिरा, टुडूइस्ट, गिटहब आणि लिनिअर

एजंटला, म्हणजे आपल्या वतीने कामं करणाऱ्या एआय मॉडेलला, “हे काम तातडीचं म्हणून टाक” एवढंच सांगितलं आणि यादीत ‘अर्जंट’ हे लेबल आधीपासून असलं, तर पुढे काय घडेल हे मॉडेलच्या हुशारीपेक्षा कामं कुठल्या अ‍ॅपमध्ये (जिरा, टुडूइस्ट, गिटहब की लिनिअर) ठेवली आहेत यावर जास्त ठरतं. काही ठिकाणी अनोळखी नाव पाठवलं की विनंती फेटाळली जाते. काही ठिकाणी ती मुकाट्याने स्वीकारली जाते आणि ‘तातडीचं’ नावाचं दुसरं लेबल तयार होतं. एजंट ज्यातून लेबलं वाचतो आणि लावतो ते टूल निवडण्याआधी तुमची प्रणाली यातलं काय करते ते बघा.

जिरा या बाबतीत सगळ्यात बेफिकीर. तिथलं लेबल म्हणजे नुसता मजकूर: आयडी नाही, वर्णन नाही, नावात मोकळी जागा चालत नाही. इश्यूवर, म्हणजे तिथे नोंदवलेल्या कामावर, जे लिहाल ते लेबल झालं. शिवाय लेबलं प्रकल्पाची नसतात, अख्ख्या साइटची असतात. त्यामुळे एपीआयकडून (प्रोग्रामने माहिती मागवायच्या मार्गाने) सगळी लेबलं मागवली, तर जुन्या साइटवर इतर विभागांचा वर्षानुवर्षांचा कचराही हाती येतो. त्यापेक्षा जेक्यूएल या जिराच्या शोधभाषेने आपल्या प्रकल्पातले लेबल असलेले अलीकडचे इश्यू काढावेत आणि त्यांवरची नावं वापराच्या संख्येनुसार लावून एजंटला द्यावीत. ‘बॅकएंड’ दोनशे वेळा आणि ‘बॅक-एंड’ तीन वेळा, असं दिसलं की एजंट सहसा चुकत नाही.

टुडूइस्टमध्ये वैयक्तिक आणि सामायिक अशी दोन प्रकारची लेबलं असतात. वैयक्तिक लेबलाला आयडी आणि रंग असतो. सामायिक लेबल हे फक्त नाव. टास्कवर मात्र दोन्ही नावानेच लागतात, त्यामुळे चुकलेलं नावही चिकटतं आणि सामायिक लेबल म्हणून वावरू लागतं. दोन्ही याद्या एपीआयमध्ये वेगवेगळ्या मागवाव्या लागतात. फक्त वैयक्तिक यादी वाचणारं टूल एजंटला “असं लेबल नाही” म्हणून सांगेल, आणि ते तर सहकाऱ्यांच्या निम्म्या टास्कवर असेल. असं टूल घेऊ नये.

गिटहबवर लेबलं रेपोपुरती, म्हणजे एका प्रकल्पाच्या कोडसाठ्यापुरती, असतात. नव्या रेपोत नऊ तयार मिळतात, प्रत्येकाला शंभर अक्षरांपर्यंत वर्णन देता येतं आणि नावात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक धरला जात नाही. वर्णन जरूर भरा; एजंट नाव वाचून अंदाज बांधतो, वर्णन वाचून निर्णय घेतो. इथे वाट कुठली धरता यावर निकाल बदलतो. वेब विनंत्यांवर चालणाऱ्या रेस्ट एपीआयने इश्यूला नसलेलं लेबल लावलं आणि लिहिण्याचा अधिकार असला, तर ते तयार होतं. गिटहबचं कमांड लाइन साधन मात्र “सापडलं नाही” म्हणून थांबतं. एजंटसाठी हे थांबणंच हवं. पण यादी मागवताना दोन्हीकडे डीफॉल्ट मर्यादा ३० ची आहे. ४० लेबलं असलेल्या रेपोत शेवटची दहा एजंटला दिसतच नाहीत, आणि त्रुटीही येत नाही. एपीआयमध्ये पानाची मर्यादा १०० करा आणि पुढची पानं संपेपर्यंत वाचा.

लिनिअरमध्ये लेबल लावायला आयडी लागतो, म्हणून शोधाचं टूल तिथे सक्तीचंच. चुकीच्या आयडीला त्रुटी येते. हा सुरक्षित प्रकार. लेबल टीमचं किंवा पूर्ण वर्कस्पेसचं असू शकतं, आणि एका गटातलं एकच लेबल इश्यूला लागतं. तेव्हा टूलने नाव आणि आयडीसोबत टीम आणि गटही परत केले पाहिजेत, नाहीतर दोन टीमच्या ‘बग’मध्ये एजंट गोंधळतो.

आता पूर्ण यादी देणारं टूल की नावाने शोधणारं? अनेक जण शोध निवडतात, खर्च वाचेल म्हणून. पण ‘तातडी’ शोधलं तर ‘अर्जंट’ सापडत नाही. मजकुराच्या शोधाला अर्थ कळत नाही, यादी समोर असली तर मॉडेलला कळतो. नाव आणि एका ओळीचं वर्णन एवढंच पाठवलं, तर दोन-अडीचशे लेबलं काही हजार टोकनांत (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं त्यांत) बसतात. रंग, तारखा, दुवे गाळा. त्याहून जास्त असतील तरच शोध घ्या, आणि काही न सापडल्यास रिकामी यादी न देता सर्वाधिक वापरातली वीस नावं द्या. रिकामं उत्तर एजंटला ‘नवं बनव’ असंच वाटतं. एजंटच्या सूचनांच्या फाइलमध्ये लेबलं लिहून ठेवणं दहा-पंधरा स्थिर लेबलांपुरतं ठीक. कुणी नाव बदललं की फाइल शिळी होते.

लावतानाचा धोका वेगळाच. टुडूइस्टमध्ये टास्क बदलताना लेबलांची यादी पाठवली की जुनी पूर्ण बदलते. जिरामध्ये थेट फील्ड लिहिलं तर तसंच. ‘अ‍ॅड’ क्रिया वापरली तर भर पडते. गिटहबवर ‘पुट’ प्रकारची विनंती यादी बदलते, ‘पोस्ट’ प्रकारची भर घालते. भर घालण्याची सोय असेल तिथे तीच वापरा. टुडूइस्टसाठी आधी टास्क वाचून जुनी नावं सोबत पाठवा.

मराठी लेबलं वापरत असाल तर आणखी एक तपासणी लागते. ‘कऱ्हाड’ हे नाव ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने टंकता येतं, तसंच ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा, म्हणजे न दिसणारा, जोडक वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी, आणि एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणारं युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. त्यामुळे तुलना करण्याआधी टूलमध्ये दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या, मग एनएफसी लावा, आणि नावाच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढून टाका.