हेंडरसन की ओरेम? नव्या इन्चार्ज सिस्टरसाठी

पेडण्याची माझी धाकटी सहकारी नुकतीच मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज झाली. "ताई, टीमला कुठल्या नर्सिंग सिद्धांतावर चालवू?" तिने विचारलं.

शिकवायला अमेरिकन नर्स व्हर्जिनिया हेंडरसनचा सिद्धांत सोपा. श्वास, खाणं, झोप, स्वच्छता अशा पेशंटच्या १४ गरजा. नवी मुलगीसुद्धा ड्युटी बदलताना त्याच क्रमाने पेशंट सांगते, काही सुटत नाही. लिखाण मात्र वाढतं.

दुसरी अमेरिकन नर्स डोरोथिया ओरेमने १९७१मध्ये वेगळंच विचारलं: पेशंट स्वतःचं किती करू शकतो? सगळं आपण करायचं, थोडं त्याने, की आपण फक्त शिकवायचं, हे रोज नव्याने ठरवायचं. वेळ इथे जातो. गणेश चवथीला घरी जायची घाई झालेल्या एका आजींना आम्ही इन्सुलिन स्वतः टोचायला शिकवलं. पहिल्या दिवशी हात थरथरत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सिरिंजवरची रेघ बोटाने दाखवली. ते समाधान मला आजही पुरतं. पण इन्चार्जचा स्टाफवर विश्वास नसेल तर ओरेम कागदावरच राहते, कारण हे निर्णय खाटेपाशी होतात.

ऑपरेशननंतरचे पेशंट आणि नवखा स्टाफ असेल तर हेंडरसन. मधुमेह, पक्षाघात, डिस्चार्ज जवळ आलेला असेल तर ओरेम. तिच्या वॉर्डात मधुमेहीच जास्त, म्हणून तिला मी ओरेम सांगितली.