मंगलोरी कौलांखाली फॉइल आणि रॉकवूल : एका उन्हाळ्या-पावसाळ्यानंतर

मुंबईच्या वारसा यादीत श्रेणी ३ मधले सागवानी वाशांचे कौलारू घर, छपराचा उतार मोजून ८४ चौरस मीटर. ऊन अडवायला छपराला आतून फॉइल आणि रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) लावायचे काम फेब्रुवारीत झाले, त्यामुळे अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा पाहून झाला आहे. दुपारची डोक्यावरची धग गेली. पहिल्या दोन महिन्यांत रात्री मात्र आधीपेक्षा वाईट होत्या, आणि त्यात मालाचा दोष नव्हता.

वरून काम करायचे तर वाशांवर आधी उभ्या पट्ट्या, मग रिपा, मग कौले. छप्पर दीड-दोन इंच वर येते, वळचणीची रेषा बदलते आणि परवानगीचे घोडे तिथेच अडते. म्हणून सगळे आतून, दोन वाशांच्या मधल्या गाळ्यात, फक्त स्क्रूवर. गोंद नाही, फोम नाही. उद्या काढले तर बारीक भोकांपलीकडे खूण राहणार नाही. स्क्रू ३०४ स्टेनलेसचे, आधी भोक पाडून. जुन्या सागाला खिळा ठोकला की चीर जाते आणि समुद्राच्या हवेत साधे लोखंड गंजून लाकडावर काळे डाग पाडते.

वासा १२५ मिमी उंच आहे. खालून २५ मिमी उघडा ठेवला, म्हणजे खोलीतून वासे दिसत राहतात. त्यावर ६ मिमी सिमेंट बोर्ड, बोर्डावर ५० मिमी रॉकवूल (घनता ४८ किलो प्रति घनमीटर), २० मिमी मोकळी हवा, मग दोन्ही बाजूंनी चकचकीत फॉइल. फॉइलच्या वर वाशाचे उरलेले २४ आणि रिपेचे २५ मिमी धरून कौलापर्यंत साधारण ५० मिमी. खालची २० मिमीची पोकळी जागा भरायला म्हणून खाऊ नका. फॉइल उष्णता परत फेकते ते समोर हवा असेल तरच. लोकरीला चिकटली की ती नुसता पत्रा होते. वरच्या अंगावर धूळ बसून ते मंदावते, खालचे अंग मात्र चकचकीत राहते, म्हणून दुहेरी फॉइल घेतली.

जुन्या घरात कुठलेही दोन गाळे सारखे नसतात. इथे ३४० ते ४१० मिमी होते, तेही वळचणीपासून आढ्यापर्यंत बदलणारे. प्रत्येक गाळा तीन ठिकाणी मोजा आणि लोकर १० मिमी जादा कापा, म्हणजे दाबून बसते. दहा टक्के जादा माल कमी पडला, पंधरा धरा. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण जुने लाकूड आणि जुनी वायरिंग असलेल्या छपरात ते पेटते घेणे नको. वायर लोकरीत पुरू नका, तापते. ती बोर्डाच्या खालून न्या.

आता रात्रीचे. मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून गरम हवा आपोआप निघून जाते, घर संध्याकाळनंतर निवते ते त्यामुळे. आढ्यापर्यंत बोर्ड घट्ट बसवून ती वाट बंद झाली होती. दिवसभराची ऊब भिंतींतून खोलीत उतरायची आणि तिथेच कोंडायची. उपाय सोपा निघाला: आढ्याच्या दोन्ही अंगांना बोर्ड, लोकर, फॉइल ७५ मिमी अलीकडेच संपवली आणि त्या फटीला ६ मिमीची स्टेनलेस जाळी मारली. जाळी नसेल तर उंदीर लोकरीत घर करतात. हवा वरच्या ओळीतल्या कौलांतून जाते, बाहेरून काहीच दिसत नाही. रात्री खिडकीच्या खालच्या झडपा उघडल्या की फरक तासाभरात कळतो. एसीच्या खोलीत ही फट ठेवता येत नाही. तिथे ती बंदच हवी. फॉइल लोकरीच्या वर असण्याचा तिथे आणखी एक फायदा, कारण आपल्याकडे दमट हवा बाहेरून आत येते आणि फॉइल तिला लोकरीआधीच अडवते.

तापमान मोजताना एक फसगत ठरलेली. इन्फ्रारेड बंदूक फॉइलवर धरली तर समोरच्या वस्तूचेच तापमान दाखवते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

पावसाळ्यात फॉइलने दुसऱ्या छपराचे काम केले. कडा वाशाच्या अंगाला वर वळवल्या असतील तर गळके पाणी गाळ्यातून खाली सरकते. फॉइलचा खालचा शेवट पन्हळीच्या आत सोडला पाहिजे. दोष एवढाच की कौल फुटले हे खोलीत कळत नाही, गळती लपते. दर पंधरा दिवसांनी वळचणीशी कोणता गाळा ठिबकतोय ते बघावे लागते. भिंतीच्या ओल्या चुन्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. दोन ठिकाणी फॉइल चाळणीसारखी झाली होती. भिंतीपासून २५ मिमी लांब ठेवा. काचेच्या कौलांखालचे गाळे मोकळे सोडा, नाहीतर माजघरात दिवसा दिवा लागतो. आणि हो, वरच्या खोलीत मोबाइलची रेंज घटली.

मेमध्ये कौले चाळायला माणसे आली की कौलांचे तुकडे आणि पालापाचोळा फॉइलवर पडतो आणि वळचणीच्या तोंडाशी साचून पाणी अडवतो. खालच्या दोन ओळी सर्वांत शेवटी बसवायला सांगा. त्याआधी प्रत्येक गाळा हाताने साफ करून एक बादली पाणी वरून सोडून पाहा.