हरणाऱ्या संघांसाठी घ्यायचा पास: इंदूरच्या घड्याळावर एनबीए लीग पास

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि लीग पास ही तिचे सामने इंटरनेटवर दाखवणारी सेवा. लेब्रॉन जेम्स आणि स्टेफन करी यांच्यासारखे तारे पाहायचे असतील तर तिची वर्गणी भरायची गरज नाही. त्यांचे हायलाइट्स फुकट मिळतात आणि बहुतेकांना तेवढे पुरतात. या पासचा खरा गिऱ्हाईक वेगळा आहे. हंगामातले ८२ पैकी साठ-पासष्ट सामने हरणारा संघ पुन्हा कसा उभा राहतो, एकोणीस वर्षांचा पोरगा तीन वर्षांत कसा घडतो, गुडघ्याचं लिगामेंट तुटलेला खेळाडू त्याच पायावर पुन्हा उडी घ्यायला कधी धजावतो, हे ज्याला सलग पाहायचंय त्याच्यासाठी ही सेवा पैसे वसूल करून देते. मात्र ती नीट लावून, नीट वापरली पाहिजे.

आधी वेळेचं बघू, कारण इंदुरात बसून पाहणाऱ्याचा पास वेळेवरूनच वाया जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ ला सुरू होणारा सामना नोव्हेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे पहाटे ५:३० ला लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि तोच सामना ४:३० वर येतो. ऑक्टोबरमध्येही ४:३०च. ओक्लाहोमा सिटीचा घरचा ७ चा सामना हिवाळ्यात आपल्या ६:३० ला, यूटा आणि डेन्व्हरचा ७:३० ला, आणि पश्चिम किनाऱ्यावरचे ८:३० नंतर, म्हणजे ऑफिस आणि शाळेच्या घाईत. नोकरदार माणसाने संघ निवडताना हेसुद्धा धरावं. डेट्रॉइट, वॉशिंग्टन, शार्लट यांचे घरचे सामने आठच्या सुमारास आटोपतात, पोहे-जिलबीची वेळ सापडते. पोर्टलंड किंवा सॅक्रामेंटोवर जीव असेल तर थेट सामन्याचा नाद सोडून रात्री रीप्ले पाहायची सवय लावा.

रीप्ले पाहणार असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये स्कोअर लपवण्याचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करा. तेवढ्याने भागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच ॲपच्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात, नाहीतर सकाळी नवाला निकाल आपणहून स्क्रीनवर येतो. सामना उघडताना मुखपृष्ठावरून न जाता सरळ वेळापत्रकातून जा. मुखपृष्ठावरच्या क्लिपांची शीर्षकंच निकाल सांगून मोकळी होतात.

डेटाचा हिशेब सोपा आहे. चांगल्या चित्रासाठी ५ एमबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला सव्वादोन जीबी, आणि अडीच तासांच्या सामन्याला साडेपाच जीबीच्या वर. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये सामन्याचा पहिला अर्धा भागही धड संपत नाही. घरचं फायबर असेल तरच थेट सामन्याच्या भानगडीत पडा. टीव्ही राउटरपासून दोन भिंतींपलीकडे असेल तर वायफायवर भरवसा न ठेवता केबल जोडा; चित्र अडखळण्याचं कारण पुष्कळदा बाहेरच्या लाइनपेक्षा घरातल्या त्या भिंतींत असतं.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक सामन्याला साधारणपणे दोन प्रक्षेपणं असतात, यजमान संघाचं आणि पाहुण्यांचं, आणि त्यातलं हवं ते निवडता येतं. संघबांधणी पाहणाऱ्यासाठी या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. संपूर्ण देशासाठी केलेलं समालोचन दोन्हीकडच्या नामवंतांवर बोलतं. हरणाऱ्या संघाचे स्वतःचे समालोचक मात्र बेंचवरच्या अकराव्या माणसाबद्दल बोलतात: याने उन्हाळ्यात शॉटची लकब बदलली, त्याला आज पॉइंट गार्डच्या (चढाई आखणाऱ्या खेळाडूच्या) जागी लावून बघतायत, अमक्याचा करार जूनमध्ये संपतो. आठ-दहा सामने त्याच आवाजात ऐकले की संघाच्या मनात काय आहे ते कळू लागतं. डेट्रॉइट पाहायचा तर डेट्रॉइटचंच प्रक्षेपण लावा, समोर बॉस्टन असो की लेकर्स.

डेट्रॉइटचं नाव मुद्दाम घेतलं. २०२३-२४ मध्ये या संघाने १४ सामने जिंकले आणि ६८ हरले; त्यात सलग २८ पराभव. नुसता निकाल पाहणाऱ्याला ते कचऱ्याचं वर्ष वाटलं. सामने पाहणाऱ्याला वेगळं दिसत होतं. संघाचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम चेंडू घेऊन आत शिरायचा तेव्हा बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात समोर दोन-तीन जण उभे असायचे, कारण कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्या साथीदारांच्या शॉटची कुणाला धास्तीच नव्हती. दुखणं खेळाडूत कमी, त्याच्या भोवतालच्या मोकळ्या जागेत जास्त होतं. पुढच्या हंगामात मॅलिक बीझ्ली, टिम हार्डवे ज्युनियर आणि टोबायस हॅरिस आले, जे. बी. बिकरस्टाफ प्रशिक्षक झाले, आणि तोच संघ ४४-३८ वर पोहोचला. बीझ्लीने एकट्याने ३१९ थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट) मारले. बचाव करणाऱ्याला आता कोपरा सोडून आत धावता येईना, आणि केडची सरासरी २६ गुण आणि ९ असिस्टवर (साथीदाराला थेट बास्केट मिळवून देणारे पास) गेली. हा फरक हायलाइट्समध्ये कुठेच सापडत नाही, कारण तिथे फक्त पडलेली बास्केट दिसते.

म्हणूनच सुमारे दहा मिनिटांच्या संक्षिप्त सामन्याची शिफारस या कामासाठी करता येत नाही. त्यात शॉट राहतो, शॉटच्या आधीची धावपळ कापली जाते. पूर्ण रीप्ले घ्या आणि फ्री थ्रो, टाइमआउट, जाहिराती पुढे ढकलत जा. सव्वा-दीड तासात अख्खा सामना होतो. नवख्या खेळाडूला पाहताना चेंडूवरची नजर काढा. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो मैदानात येईल तेवढी पाच-सहा मिनिटं फक्त त्याच्याकडेच बघा. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना तो कुठे उभा राहतो? आपल्या माणसाला आणि चेंडूला एकाच वेळी पाहता येईल अशा कोनात उभा राहतो, की मान वळवून चेंडूच बघत बसतो? स्क्रीन लागल्यावर, म्हणजे प्रतिस्पर्धी वाट अडवून उभा राहिल्यावर, वरून (चेंडूवाल्याला चिकटून) जातो की खालून (बास्केटच्या बाजूने), आणि दर वेळी तिथेच अडकतो का? चूक झाल्यावर मागे पळतो की पंचांकडे हात करतो? वीस सामन्यांच्या आतली शॉटची टक्केवारी फारशी कामाची नसते. या गोष्टी मात्र पाच सामन्यांत कळतात.

करारांची थोडी माहिती असली की याच मिनिटांना अर्थ येतो. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्याचा करार चार वर्षांचा असतो. पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय दुसरा हंगाम नुकता सुरू होतो तेव्हाच, ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो. म्हणजे पोराची परीक्षा खरं तर पहिल्याच हंगामात होते. १५ नेहमीच्या जागांखेरीज तीन टू-वे (मुख्य संघ आणि त्याचा खालच्या लीगमधला संघ, अशा दोन्हीकडे खेळण्याचे) करार असतात; त्या खेळाडूंना हंगामात जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी वरच्या संघात ठेवता येतं. फेब्रुवारीतली अदलाबदलीची मुदत उलटली की हरणारे संघ अनुभवी खेळाडू इतर संघांना देऊन मोकळे झालेले असतात आणि ती मिनिटं या पोरांना मिळतात. तेव्हापासून एप्रिलपर्यंतचे दोन महिने या पासचा सगळ्यात सकस भाग. इतर प्रेक्षक तेव्हा प्लेऑफची वाट बघत असतात.

ड्राफ्टमध्ये पहिली निवड (पिक) कोणाची, हे ठरवणाऱ्या लॉटरीवर भिस्त ठेवून संघ निवडू नका. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या पिकची संधी प्रत्येकी १४ टक्केच मिळू लागली. २०२४-२५ मध्ये यूटा फक्त १७ सामने जिंकून सगळ्यांच्या खाली राहिला आणि लॉटरीत पाचव्या क्रमांकावर घसरला, १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला पिक आणि त्यावर कूपर फ्लॅग हा खेळाडू मिळाला. ओक्लाहोमा सिटीने २०१९ मध्ये पॉल जॉर्ज देऊन शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीचे पाच पिक घेतले. त्यातल्याच एका पिकवर २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स आला. २४ विजय, मग ४०, मग ५७, मग ६८ आणि २०२५ चं विजेतेपद, अशी त्यांची चढण. बारावा पिक कोणी उत्सुकतेने पाहत नाही. पास घेऊन पाहायचा तर तोच.

दुखापतीतून परतणाऱ्यांच्या बाबतीत सेवा अर्धीच पुरी पडते. खेळाडू बाहेर असतो तेव्हाचं काही इथे दिसत नाही: शस्त्रक्रिया, व्यायाम, सराव, काहीच नाही. कोण खेळणार हे लीगच्या दुखापत-यादीतून कळतं. ती संघांना सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत द्यावी लागते, म्हणजे पूर्व किनाऱ्यासाठी हिवाळ्यात आपल्या पहाटे ३:३० ला. लागोपाठच्या दोन दिवसांतला दुसरा सामना असेल तर त्याच दिवशी दुपारी १ पर्यंत, आपल्या रात्री ११:३० ला. झोपण्याआधी ही यादी पाहिली तर पहाटेचा गजर फुकट लावला जात नाही. परतलेला खेळाडू असे लागोपाठचे सामने बहुतेकदा टाळतो, हेही ध्यानात ठेवा.

तो मैदानात उतरला की मग लीग पाससारखं दुसरं साधन नाही. मिनिटांची मर्यादा घातली आहे का, ते घड्याळावरून ओळखता येतं: खेळ कितीही चुरशीचा असो, तो प्रत्येक क्वार्टरमध्ये ठरावीक वेळेला बाहेर बसतो. क्ले थॉम्पसनचा डावा एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) जून २०१९ मध्ये तुटला, नोव्हेंबर २०२० मध्ये उजवा अॅकिलिस (टाचेमागचा स्नायुबंध). ९४१ दिवसांनी, ९ जानेवारी २०२२ ला तो परतला तेव्हा २० मिनिटंच खेळला. जोएल एम्बीड पायाच्या हाडामुळे पहिले दोन हंगाम बसला आणि तिसऱ्यात ३१ सामने, सरासरी २५ मिनिटं. केड कनिंगहॅम २०२२-२३ मध्ये नडगीच्या हाडाच्या दुखापतीमुळे १२ सामन्यांवर थांबला होता. आकड्यांत या तिघांची रिकामी वर्षं सारखीच दिसतात. शरीर मात्र वेगवेगळं बोलतं.

गुडघ्याचं उदाहरण घ्या. जमाल मरेचा डावा एसीएल १२ एप्रिल २०२१ ला तुटला, त्याने पुढचा अख्खा हंगाम सोडला, २०२२-२३ मध्ये ६५ सामने खेळला आणि डेन्व्हरबरोबर विजेतेपद घेतलं. उजव्या हाताची लेअप (पळत जाऊन बास्केटजवळून टाकलेला शॉट) डाव्या पायावर उडी घेऊन होते, म्हणजे डावा गुडघा दुखावलेल्याची कसोटी तिथेच. परतीच्या सुरुवातीला असा खेळाडू दोन्ही पायांवर थांबून उडी घेतो, किंवा तीन पावलं आधीच फ्लोटर (उंच उडवलेला हलका शॉट) टाकतो. उतरताना वजन चांगल्या पायावर जास्त जातं. जोरात थांबून दिशा बदलायची वेळ आली की एक जादा छोटं पाऊल पडतं. ही तीन लक्षणं महिन्यागणिक कमी होत गेली तर परतणं खरं. अॅकिलिसला निराळी खूण: उभ्या जागेवरून पहिलं पाऊल टाकताना टाच किती उचलली जाते. शॉट लवकर परत येतो, तो धक्का सगळ्यात शेवटी. कॅमेरा चेंडूमागे जातो तेव्हा हे निसटतं, म्हणून रीप्ले दहा-दहा सेकंद मागे घ्यायची सोय इथे फार कामाला येते.

रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये सराव करणाऱ्या मुलांचे पालक आणि प्रशिक्षकही हा पास पाहतील, म्हणून एक गोष्ट काळजीने. टीव्हीवरच्या परतीच्या तारखेवर आपल्या मुलाचा गुडघा मोजू नका. त्या खेळाडूंपाशी रोज हात लावून तपासणारे लोक असतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेच्या अभ्यासात, एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं तितकं दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी कमी आढळलं. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के झाली आहे का, एका पायावरची लंगडी उडी दोन्हीकडे जवळपास सारखी पडते का, हे फिजिओकडून मोजून घ्यावं आणि मगच सामन्यात उतरवावं. सूज उतरली आणि पळता येतं, एवढ्यावर सहाव्या महिन्यात उतरवलेली मुलं पुष्कळदा पुन्हा तोच गुडघा घेऊन बसतात.

पैशांचं थोडक्यात. साधा पास पुरतो. महागड्या प्रकारात जाहिरातींच्या जागी स्टेडियममधलं चित्र दिसतं. बेंचवर कोण कोणाशी बोलतंय, बाहेर बसलेला खेळाडू साध्या कपड्यांत हडलमध्ये (संघाच्या घोळक्यात) येतो का, हे पाहण्यात गोडी असेल तरच त्यात पैसे घाला. एकाच संघाचा पास तुमच्या ॲपमध्ये दिसत असेल तर एकनिष्ठ प्रेक्षकाला तो स्वस्त पडतो, पण मग दुसऱ्या संघात परतणारा खेळाडू पाहता येत नाही. मागच्या हंगामातले हवे ते सामने सापडतीलच असं धरून वर्गणी भरू नका. पहिल्यांदाच घेत असाल तर फेब्रुवारीत एका महिन्याचा घ्या, तळाच्या सहा संघांतला एक निवडा आणि त्याचे पंधरा सामने पाहा. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, तेव्हा पैसे भरले त्याच दिवशी खात्यात जाऊन ते बंद करून ठेवा. घेतलेला महिना तरीही पूर्ण पाहता येतो.