घामाचा अहवाल आणि परत आलेले पाकीट

मी हौशी धावपटू आहे. उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी धावून यायचे आणि संध्याकाळी घड्याळातले आकडे वहीत उतरवून मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचे, हा माझा नेम आहे. आकड्यांची हीच हौस मला महागात पडली.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला नेहमीच्या वेगाने धावतानाही हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-बाराने जास्त पडू लागले. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि तोवर असे होणारच, हे मला ठाऊक होते. तरीही घामातील क्षार तपासून प्रत्येकाला स्वतंत्र पाण्याचे वेळापत्रक देण्याची जाहिरात दिसली, तेव्हा धीर धरण्याऐवजी मी पैसे भरून मोकळा झालो. कार्डाने पैसे घेण्याची सोय तूर्त बंद असून थेट खात्यात भरल्यास सवलत मिळेल, असे मला सांगण्यात आले होते. ते खाते एका व्यक्तीच्या नावावर होते, आणि ही गोष्ट पैसे पाठवताना मला स्पष्ट दिसत होती.

टपालाने एक शोषक पट्टी आली. धावताना ती मनगट आणि कोपर यांच्यामध्ये चिकटवायची आणि नंतर छोट्या कुपीत बंद करून परत पाठवायची होती. मुळात या पद्धतीत खोटे काही नाही. प्रयोगशाळा अशा पट्ट्या खरोखरच वापरतात, आणि घामातील सोडियम माणसागणिक लिटरमागे सुमारे २०० ते २००० मिलिग्रॅम इतके बदलत असल्यामुळे तपासणीला अर्थही आहे. म्हणूनच मला संशय आला नाही.

चौथ्या दिवशी रंगीत आलेखांसह अहवाल आला. मला तासाला १.२ लिटर घाम येतो, सबब तासाला एक लिटर पाणी आणि सोबत त्यांच्याकडच्याच क्षारांच्या गोळ्या घ्याव्यात, असा सल्ला त्यात होता. केवळ पट्टीवरून घामातील क्षारांचे प्रमाण कळते, घामाचा वेग कळत नाही; त्यासाठी धावण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन लागते, आणि माझे वजन तर कोणी विचारलेच नव्हते. हे मला तेव्हा सुचले नाही, याची खंत वाटते.

दीड तासाच्या एका धावेनंतर पोट गच्च झाले आणि बोटातली अंगठी रुतू लागली. पुढच्या वेळी मी धावण्यापूर्वी आणि नंतर, घामाने भिजलेले कपडे उतरवून, वजन केले. तेवढ्याच वेळात दीड लिटर पाणी पिऊन वजन ६०० ग्रॅमने वाढले होते. म्हणजे घाम अवघा ९०० मिलिलिटर, तासाला ६०० गेला होता. सांगितलेल्या आकड्याच्या बरोबर निम्मा! धावताना वजन वाढणे ही किरकोळ बाब नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली घसरलेले आढळले होते, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध धावताना वाढलेल्या वजनाशी होता.

माझ्याबरोबर धावणाऱ्या, माझ्याहून बरीच धिप्पाड असलेल्या एका मित्रानेही हीच सेवा घेतली होती. आम्ही दोन्ही अहवाल शेजारी ठेवले, तर नाव सोडून सर्व काही सारखे होते. आलेखाखालच्या ओळीतील शुद्धलेखनाची चूकसुद्धा.

मी विचारणा केल्यावर आधी दिलगिरी आली, मग दुसऱ्या तपासणीवर सवलत देऊ केली गेली आणि अखेर उत्तरेच थांबली. बँकेत तक्रार नोंदवली आहे, परंतु पैसे मी स्वतःहून पाठवले असल्याने ते परत मिळण्याची शाश्वती नसल्याचे तिथे सांगण्यात आले. कार्डाने पैसे भरले असते, तर व्यवहारावर हरकत घेण्याचा मार्ग तरी खुला राहिला असता.

त्यानंतर आठवड्याभराने मी पाठवलेले पाकीट अपुऱ्या पत्त्याचा शिक्का घेऊन परत आले. चिकटपट्टी मी लावली होती तशीच होती आणि आत कुपीत माझी पट्टी वाळून पिवळी पडली होती.