सात पट्टे आणि नवीन ४२

अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय. ४२ बरोबर ४२ हे मला कुणी सिद्ध करून दाखवायला नको, असं मी गेल्या दसऱ्यापर्यंत समजत होते.

माझं पहिलं ॲपल वॉच २०१८ साली भावाने न्यू जर्सीहून आणलं. सिरीज ३, माप ४२ मिलिमीटर. तेव्हा ३८ आणि ४२ अशी दोन मापं मिळायची. माझं मनगट काही नाजूक नाही, कासाराकडे दोन-आठची बांगडी लागते, म्हणून त्याने मोठं घेतलं. सात वर्षं ते घड्याळ मी शाळेत, लोकलमध्ये, लग्नात, स्वयंपाकात, सगळीकडे वापरलं. घड्याळापेक्षा जास्त जीव मात्र जडला तो पट्ट्यांवर. हसू नका. ज्यांनी मॅचिंग सेंटरात उभं राहून एका ब्लाऊजपीससाठी हिरव्याच्या अकरा छटा उजेडात नेऊन बघितल्या आहेत, त्यांना कळेल.

सात वर्षांत सात पट्टे झाले. घड्याळाबरोबर आलेला काळा. एक पांढरा, जो कैरीच्या फोडींना हळद लावताना हातात राहिला आणि कायमचा पिवळा झाला. वहिनीने दिलेला स्टीलच्या जाळीचा मिलानीज लूप, चुंबकाने चिकटणारा. एक निळा विणलेला नायलॉनचा, तसला आता कंपनी बनवतच नाही. एक करडा स्पोर्ट लूप, उघडताना चर्र वाजतो आणि परीक्षेच्या हॉलमध्ये चाळीस माना वर होतात. शिवाय स्टेशनबाहेरच्या मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानातून साडेतीनशेला एक असे घेतलेले दोन, मोरपंखी आणि मरून. हे सातही मी जुन्या मिसळणाच्या डब्यात ठेवते. सात वाट्या, सात पट्टे. सकाळी साडी ठरली की डबा उघडायचा.

गेल्या वर्षी जुनं घड्याळ दुपारी दोनलाच मान टाकायला लागलं. सिरीज ३ वॉचओएस ८ च्या (वॉचओएस म्हणजे घड्याळ चालवणारं सॉफ्टवेअर) पुढे जात नाही. २०२२ साली वॉचओएस ९ आलं, त्याला किमान सिरीज ४ लागतं. म्हणजे दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये सिरीज ११ बाजारात आलं आणि दुकानांतून सिरीज १० उतरत्या भावात दिसायला लागलं. भारतात त्याची सुरुवातीची किंमत ४६,९०० होती, मला बरंच कमीत मिळालं. दसऱ्याच्या दिवशी दुकानात गेले. मापं दोन, ४२ आणि ४६. मी म्हटलं, माझं ४२ आहे, ४२च द्या. काउंटरवरच्या मुलाला मुद्दाम विचारलंसुद्धा, "जुने पट्टे बसतील ना रे?"

"सेम फोर्टी टू आहे मॅडम, डोळे झाकून बसतील."

घरी येऊन पूजा केली, झेंडूचं फूल ठेवलं, डबा उघडला आणि मोरपंखी पट्टा सरकवला. शिरला, पण दोन्ही बाजूंनी बाहेर आला. घड्याळाची कड जिथे संपते त्याच्या पुढे पट्ट्याचे खांदे डोकावतात, धाकटीचा ब्लाऊज थोरलीने घातल्यावर शिवण ताणते तसे. मला वाटलं, दुकानचा स्वस्त माल, म्हणून असं. मग कंपनीचा काळा लावला. तोच प्रकार. बाहेर राहिलेली कड मनगटाला घासते आणि साडीच्या पदरात अडकते. मुळात असा पट्टा नीट धरून राहील याचा भरवसा काय? दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर खोका उघडलेला, परत घेणार नाहीत. त्या पोराला काय बोलणार? विचारलं त्याला, पण पट्टा खिशात घालून नेला नाही. तो नेला असता तर अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता. चूक माझीच.

आता मी ही आकड्यांची वंशावळ नीट समजून घेतली आहे, तेवढी सांगते, कारण यात माझ्यासारखे पुष्कळ जण फसणार.

ॲपल वॉचची पहिल्यापासून दोन घराणी आहेत, धाकटं आणि थोरलं. २०१५ साली धाकटं ३८ आणि थोरलं ४२ होतं. २०१८ मध्ये सिरीज ४ आलं तेव्हा ती ४० आणि ४४ झाली, २०२१ मध्ये सिरीज ७ ला ४१ आणि ४५, आणि २०२४ मध्ये सिरीज १० ला ४२ आणि ४६. पट्टा ज्या खाचेत सरकतो ती खाच मात्र प्रत्येक घराण्याने जशीच्या तशी ठेवली. म्हणून ३८चा दहा वर्षं जुना पट्टा आजच्या ४२ला बसतो, आणि माझ्या जुन्या ४२चा पट्टा आजच्या ४६ला बसतो. ॲपलच्याच मोठ्या, महागड्या वॉच अल्ट्राचं ४९सुद्धा थोरल्याच घराण्यातलं. थोडक्यात, धाकटी मुलगी वाढत वाढत थोरलीच्या जुन्या उंचीला पोचली, पण कपडे तिला तिच्याच कपाटातले होतात. मी थोरलीचं कपाट घेऊन धाकटीच्या दारात उभी होते.

गंमत म्हणजे दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली तर फरक जवळजवळ दिसत नाही. जुनं ४२.५ बाय ३६.४ मिलिमीटर, नवं ४२ बाय ३६. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नाही! हा ४२चा आकडा घड्याळाच्या उंचीचा आहे, खाचेच्या रुंदीचा नाही, आणि पट्ट्याला उंचीशी काही देणंघेणं नसतं. शाळेत मुलांना मी घसा फोडून सांगते, एकक लिहा, आणि कशाचं माप आहे तेही लिहा. सांगते हं, स्वतः करते असं नाही.

यांनी या सगळ्याची पुरेपूर मजा घेतली. यांच्याकडे सॅमसंगचं गॅलॅक्सी वॉच ४ आहे. त्याला साधा २० मिलिमीटरचा, पिनेचा पट्टा लागतो. "अगं, माझ्या घड्याळाला कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडचा दीडशेचा पट्टापण चालतो," असं दिवाळीपर्यंत रोज ऐकलं. हे खरं आहे, आणि त्या बाबतीत तो जुना सरळ मार्ग मला आवडतोच. घड्याळाच्या पट्टा धरणाऱ्या दोन कानांतलं अंतर मोजायचं, २० किंवा २२, आणि तेवढा पट्टा घ्यायचा. कुठल्याही कंपनीचा, कुठल्याही गावातला. पण यांनी शेखी मिरवायला एकच वर्ष उशीर केला. २०२५ मध्ये आलेल्या गॅलॅक्सी वॉच ८ ला सॅमसंगने जोडच बदलून टाकला आणि साधे २० मिलिमीटरचे पट्टे त्याला थेट लागत नाहीत. हे वाचून दाखवल्यापासून घरात शांतता आहे.

मग माझं पुढे काय झालं? नोव्हेंबरात भाची बेंगळुरूहून आली. तिच्याकडे ॲपलचंच स्वस्तातलं वॉच एसई आहे, ४० मिलिमीटरचं. तिचा जांभळा पट्टा सहज म्हणून माझ्या घड्याळात सरकवला आणि "टक्" झालं. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. कडेला कड लागली, बोट फिरवलं तरी जोड कळत नाही. ४०चा पट्टा ४२ला बसला आणि ४२चा ४२ला बसत नाही. उद्या नववीच्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं तर पालक तक्रार घेऊन येतील.

त्यानंतर एका रविवारी मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) ॲपलच्या दुकानात जाऊन आले. डोंबिवलीहून कुर्ला, कुर्ल्याहून रिक्षा. तिथे पट्टे हातात घेऊन, मनगटाला लावून बघू देतात, कुणी मागे लागत नाही. एवढ्यासाठी प्रवास वसूल झाला. खिशासाठी मात्र झाला नाही. साधा रबरी दिसणारा स्पोर्ट बँड साडेचार हजार! (त्याला रबर म्हटलेलं कंपनीला आवडत नाही, फ्लुओरोइलास्टोमर म्हणायचं.) माझा काळा सात वर्षं वापरून न फाटता, न चिकट होता टिकला आहे, त्यामुळे टिकाऊपणाला नावं ठेवणार नाही. पण साडीगणिक साडेचार हजार म्हणजे पट्ट्यापेक्षा साडी स्वस्त.

सोलो लूप मात्र मी आवर्जून लावून पाहिला. त्याला बक्कल नाही, छिद्रं नाहीत, ताणायचा आणि हातातून चढवायचा. १ ते १२ अशी मापं. तिथली मुलगी एकेक चढवून बघत होती तेव्हा मला आमच्या गावचा कासार आठवला, हात दाबून, अंगठा आत मुडपून, नेमकी दोन-आठ चढवणारा. पट्टा सुखाचा आहे. रात्री घालून झोपलं तरी टोचत नाही. अडचण बांगडीचीच. वजन चार किलो कमी-जास्त झालं की माप चुकलं, आणि ताणून ताणून तो हळूहळू सैल होणारच. मुलगी किंवा भाची उसना मागेल तर तिला होणार नाही. मी घेतला नाही.

घेतले ते चार, ऑनलाईन, स्वस्तातले. इथे सावध राहा. "४२ मिमी" एवढंच टाकून शोधलंत तर दोन्ही घराण्यांचे पट्टे एकाच रांगेत समोर येतात. ४२च्या शेजारी कुठले आकडे लिहिलेत ते बघा. ३८, ४०, ४१ असतील तर पट्टा नव्या छोट्या घड्याळाचा. ४४, ४५, ४९ असतील तर थोरल्या घराण्याचा, तुमचं सिरीज १० किंवा ११चं ४२ असेल तर त्याला हात लावू नका. नुसतं ४२ लिहिलं असेल तर विकणाऱ्याला विचारण्यात वेळ घालवू नका, पुढे चला. घरातल्या कंपनीच्या जुन्या पट्ट्यावर आतल्या बाजूला बारीक अक्षरांत माप असतं. मला ते वाचायला चष्म्यावर भिंग धरावं लागलं, पण असतं.

स्वस्त पट्ट्यांत एक धोका आहे. खाचेत जाणारी जीभ कुणी प्लास्टिकची करतं, कुणी धातूची, आणि जरा सैल असली की घड्याळ हलतं. माझ्या चारांतला एक, राणी रंगाचा, कणीक मळताना निसटला आणि घड्याळ परातीत पडलं. घड्याळाला काही झालं नाही, कणकेला झालं. तो पट्टा त्याच दिवशी कचऱ्यात गेला. आता नवीन पट्टा आला की घड्याळ गादीवर धरून दोन्ही बाजूंना जोरात ओढून बघते. घालायचा तो नंतर.

घड्याळाबद्दल थोडं सांगायला हवं. सिरीज १० चांगलं आहे. जुनं ११.४ मिलिमीटर जाड होतं, हे ९.७, आणि ब्लाऊजच्या लांब बाहीखाली हा फरक लगेच कळतो. पडदा ७४० चौरस मिलिमीटरचा होता तो ९८९ झाला, म्हणजे एक तृतीयांशाने मोठा, त्याच उंचीत. चाळिशीच्या चष्म्याशिवाय वेळ दिसते, मेसेज दिसत नाही. चार्ज पटकन होतं, माझी आंघोळ आणि देवपूजा होईपर्यंत दिवसभराचं काम भागतं. शाळेतल्या भाषेत घड्याळाला शंभरपैकी ८५. मापांना नावं देण्याच्या पद्धतीला ३५, काठावर पास. खरेदी करणारीला किती ते विचारू नका.

तुमच्याकडे जुन्या ४२चे, ४४चे किंवा ४५चे भरपूर चांगले पट्टे असतील आणि मनगट माझ्यासारखं असेल, तर सरळ ४६ घ्या. पाच-दहा पट्ट्यांचे पैसे वाचतात. पट्टे नसतील किंवा एकच झिजलेला असेल, तर ४२ निर्धास्त घ्या. मला आता दोन्ही हातात धरून विचारलंत तर माझ्या मनगटावर ४२च जास्त शोभतं, हे मी यांच्यासमोर कबूल करणार नाही.

जुन्या सातांचं असं झालं. दिरांकडे सिरीज ९ आहे, ४५चं. काळा, करडा आणि स्टीलचा त्यांनी आनंदाने नेला, निळा त्यांच्या मुलाने. पिवळा पडलेला पांढरा कुणी घेतला नाही, मोरपंखी जाऊबाईंनी मागून ठेवलाय, घड्याळ घेईन तेव्हा म्हणून. मिसळणाच्या डब्यात आता नव्यातले उरलेले तीन आहेत, आणि एक मरून. तो मी दिला नाही.

डिसेंबरात चिंचवडला पुतणीचं लग्न होतं. पैठणी मरून काठाची. नव्या घड्याळाला तो रंग कुठेच मिळाला नाही. शेवटी जुनं सिरीज ३ रात्रभर चार्जिंगला लावलं, मरून पट्टा चढवला, टक् झालं, आणि तेच घालून गेले. अक्षता पडेपर्यंत चाललं.