गोड्या पाण्यातल्या शिडाच्या होडीचं अर्थिंग: प्लेट, पट्टी की साखळी?

धोम किंवा कोयनेच्या पाण्यावर शिडाची होडी ठेवायची म्हटली की पहिला प्रश्न परवानगीचा येतो (शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, बराच भाग कोयना अभयारण्यात मोडतो, ते आधी बघा) आणि दुसरा विजेचा. साताऱ्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव दुपारनंतर कडकडाट करतच येतो, आणि उघड्या पाण्यावर तुमची ॲल्युमिनियमची डोलकाठी सगळ्यात उंच असते. अर्थिंग म्हणजे तिच्यावर पडलेली वीज तारेनं खाली आणून तळाच्या धातूतून पाण्यात सोडायची सोय. ट्रेलरवरून नेता येणारी 20-22 फुटी फायबरची होडी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे तळाला 1 चौरस फूट तांब्याची प्लेट. हा आकडा खाऱ्या पाण्याचा आहे, आणि तिथं तो ठीकच आहे. समुद्राच्या पाण्याची रोधकता (पाणी विजेला किती अडवतं त्याचं माप) सुमारे 0.2 ओहम-मीटर. अशा पाण्यात या प्लेटचा रोध साधारण 0.3 ओहम बसतो. धरणाच्या पाण्यात क्षार कमी. त्याची रोधकता 50 ओहम-मीटर धरून हिशेब केला तर त्याच प्लेटचा रोध 70 ओहमच्या आसपास जातो. विजेचा मध्यम झटका 30,000 अँपिअरचा असतो. म्हणजे समुद्रात प्लेटवर सुमारे 9,000 व्होल्ट, तर धरणात 20 लाखांच्या वर. पाण्यात ठिणग्या पडून प्रत्यक्षात यातला काही भाग कमी होतो. तरी उरलेला दाब फायबर फोडून किंवा शेजारच्या माणसाकडे उडी मारून वाट काढायला पुरेसा आहे. घराच्या अर्थिंगला आपण खड्ड्यात कोळसा-मीठ घालतो, ते याचसाठी. धरणात मीठ कुठून घालणार?

मग बाजारात मिळणारी मोठी, 600 बाय 600 मिलिमीटरची अर्थिंग प्लेट लावली तर? तिचं क्षेत्रफळ जवळपास चौपट, पण रोध निम्म्यावरच येतो. शिवाय एवढी प्लेट होडीच्या तळाच्या वळणावर बसवताना कडा उचलतात आणि होडीचा वेगही मार खातो.

पट्टीचं गणित वेगळं. 25 मिलिमीटर रुंद, साधारण 12 फूट लांब तांब्याची पट्टी घेतली तर क्षेत्रफळ 1 चौरस फुटाच्या प्लेटइतकंच होतं. पण प्रवाह मधल्या भागापेक्षा कडांतून पाण्यात जास्त उतरतो आणि पट्टीला कडा भरपूर. त्याच पाण्यात ती 27 ओहमच्या आसपास येते. तळाच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी आडवी तार आणि पाण्याच्या रेषेजवळ बाहेरच्या बाजूला चार-सहा छोटे इलेक्ट्रोड (जाळ्याला जोडलेले धातूचे तुकडे) केले, तर मला गोड्या पाण्यासाठी हीच रचना पटते. ठिणगी उडायचीच असेल तर ती होडीच्या बाहेरच्या बाजूला उडावी.

डोलकाठीपासून पाण्यात सोडलेली साखळी मात्र नको. कडीला कडी जेमतेम टेकलेली असते, प्रत्येक जोडावर ठिणगी, आणि पाण्यात बुडलेला भाग किरकोळ. डोलकाठी ताणून धरणाऱ्या बाजूच्या तारांना जंपर केबल अडकवून टोक पाण्यात सोडणारेही असतात. काहीच नसताना तेवढं चालेल, पण कायमची सोय म्हणून नाही. डोलकाठीच्या टोकाला लावायच्या 'वीज परतवणाऱ्या' ब्रशवर पैसे घालवू नका. वीज पडायचीच थांबते याचा खात्रीचा पुरावा नाही.

खरी अडचण डोलकाठीपासून तळापर्यंत जाणाऱ्या उभ्या तारेची आहे. छोट्या होड्यांत डोलकाठी छतावरच उभी असते, खाली केबिन. तार आतून सरळ खाली आणली तर बसणाऱ्याच्या पाठीमागून वीज जाते. म्हणून तार छतावरून दोन्ही बाजूंना बाहेर उतरवा. किमान 21 चौरस मिलिमीटर तांबं हवं; आपल्याकडे 25 ची केबल सहज मिळते. कुठंही काटकोनात वाकवू नका, वळण हातभर गोल ठेवा, कारण वीज कोपऱ्यावर तार सोडून पुढं उडते. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर तांब्याचा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची कडी) थेट कसलात तर ओलाव्यात जोड कुजतो. टिन केलेला, म्हणजे कथिलाचा थर दिलेला लग घ्या, मध्ये स्टेनलेस वॉशर घाला, आणि स्क्रूपेक्षा आरपार बोल्ट बरा. तारेपासून सुमारे 6 फुटांच्या आतलं मोठं धातूचं सामान, म्हणजे इंजिन, टाकी, रेलिंग, याच जाळ्याला जोडा.

निवड करायची तर होडी बहुतेक रत्नागिरी-मालवणकडेच राहणार असेल तर प्लेट लावून मोकळे व्हा. साताऱ्यातच राहणार असेल तर दोन पट्ट्या आणि बाजूचे इलेक्ट्रोड, खर्च जास्त झाला तरी. दोन्हीकडे जाणार असेल तरी पट्ट्याच, त्या खाऱ्या पाण्यात चालतातच.

यातलं काहीही वीज पडणं थांबवत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, जवळपासच्या विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा. आजूबाजूला वीज दिसली की शीड उतरवून काठ गाठा. काठावर उतरल्यावर एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत काचा वर करून बसा.