करार आणि व्यापारी कायद्याचा पॅरालीगल कोर्स: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने झाले हा कोर्स घेऊन, आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच महिन्यात लिहिणार होते, पण तेव्हा नुसतं कौतुक झालं असतं आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसती चिडचिड. कोर्सचं नाव देत नाहीये कारण जे सांगायचंय ते या धाटणीच्या बऱ्याच ऑनलाइन कोर्सेसना लागू पडेल: रेकॉर्डेड लेक्चर्स, प्रत्येक धड्यावर क्विझ, फ्लॅशकार्डचं अ‍ॅप आणि सोबत सरावासाठी बारा नमुना करारांचं एक फोल्डर. मी पॅरालीगलचं, म्हणजे वकिलाला कायद्याच्या कामात मदत करणाऱ्या सहाय्यकाचं, शिक्षण घेतेय आणि पाचव्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस एका वकील मॅडमच्या हाताखाली कामही करतेय, त्यामुळे शिकलेलं कुठे उपयोगी पडतं आणि कुठे नाही हे दोन्ही बघायला मिळालं.

आधीच सांगते, घ्यायचा तर त्या फोल्डरसाठी घ्या. बाकी सगळं कुठेही मिळेल.

पहिले तीन महिने मी लेक्चर्स ओळीने बघितली. ऑफर, अ‍ॅक्सेप्टन्स, कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल (वचनाच्या बदल्यात दिलेली किंवा केलेली गोष्ट), कायदेशीर बंधन घालून घ्यायचा हेतू, करार करायची पात्रता, मग खोटी माहिती देऊन केलेला करार, चूक, करारभंग, नुकसानभरपाई, असा नेहमीचा क्रम. शिकवणाऱ्या बाई केसेस फार छान सांगतात, हे मनापासून सांगते. 1893 ची कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल केस मी त्याआधी दोनदा वाचली होती पण कळली इथे. कंपनीने जाहिरात दिली की आमचा स्मोक बॉल (नाकातून औषध ओढायचा रबरी गोळा) दिवसातून तीनदा असा दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर 100 पाउंड देऊ, आणि खाली लिहिलं की आमचा शब्द खरा आहे हे दाखवायला 1000 पाउंड बँकेत ठेवलेत. लेक्चरमध्ये त्या 1000 पाउंडांवरच पाचेक मिनिटं थांबून समजावलंय, की ही नुसती फुशारकी आहे असं कंपनीला म्हणता का आलं नाही याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. तेव्हापासून कुठलीही जाहिरात वाचताना मी तसलं वाक्य शोधते, हेतू दाखवणारं.

तर तीन महिन्यांत सगळ्या व्याख्या पाठ, क्विझमध्ये दर वेळी नव्वदच्या पुढे मार्क. आणि चौथ्या महिन्यात फोल्डरमधला पहिला करार उघडला, मालपुरवठ्याचा, बावीस पानी, आणि काहीच कळेना. त्यात ऑफर हा शब्दच नाही, अ‍ॅक्सेप्टन्स नाही, कन्सिडरेशन एकदाच येतं तेही सुरुवातीच्या एका ठरीव वाक्यात. दोन दिवस मला वाटत होतं की आपण भलताच कोर्स केलाय. मग लक्षात आलं की सही झालेल्या करारात ऑफर आणि अ‍ॅक्सेप्टन्स उरकलेलंच असतं, कागदावर असतं ते पुढे भांडण झालं तर काय करायचं त्याची तयारी. आणि हे कोर्समध्ये कुठेही कोणी सांगत नाही, निदान मी बघितलेल्या लेक्चर्समध्ये तरी नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार.

तिथून पुढे मी पद्धत उलटी केली. आधी करार उघडायचा, एक क्लॉज म्हणजे कलम घ्यायचा, हा क्लॉज कुठल्या भांडणाला घाबरून लिहिलाय ते ओळखायचं, आणि मग त्या विषयाचं लेक्चर बघायचं. यानेच खरा फरक पडला.

एक उदाहरण नीट सांगते कारण त्यावर माझा अख्खा रविवार गेला. त्या करारात जबाबदारीची मर्यादा घालणारा क्लॉज होता: पुरवठादार अप्रत्यक्ष नुकसानीला, ज्यात नफ्याच्या नुकसानीचाही समावेश होतो, जबाबदार नाही. मी वाचून पुढे गेले, म्हटलं ठीक आहे, नफा बुडाला तर मिळणार नाही. मग 1854 ची हॅडले विरुद्ध बॅक्सेन्डेल पुन्हा काढली. ग्लॉस्टरच्या गिरणीचा क्रँकशाफ्ट मोडतो, त्यावरून नवीन बनवायला तो ग्रिनिचला पाठवायचा असतो, माल नेणारा उशीर करतो, तोवर गिरणी बंद. कोर्ट म्हणतं दोन प्रकारचं नुकसान मिळू शकतं: करार मोडल्यावर नेहमीच्या ओघात होणारं, आणि करार करताना दोघांच्याही डोक्यात होतं असं खास परिस्थितीमुळे होणारं. शाफ्ट गेला की गिरणी पूर्ण थांबते हे वाहतूकदाराला माहीत असायचं कारण नव्हतं, म्हणून बुडालेला नफा मिळाला नाही. आता पुन्हा तो क्लॉज वाचा. नफ्याचं नुकसान हे अप्रत्यक्ष नुकसानीच्या पोटात टाकलंय. मग जो नफा नेहमीच्या ओघातच बुडाला, थेट, त्याचं काय? तो या क्लॉजमध्ये येतच नाही असं समोरचा वकील म्हणू शकतो. तेच जर 'नफ्याचं नुकसान आणि अप्रत्यक्ष नुकसान' असं दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहिलं असतं तर अर्थ पार बदलला असता. एका शब्दाची जागा, आणि त्यावर किती पैसे अडकतील सांगता येत नाही. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारत होते, इतका आनंद झाला होता.

स्वल्पविरामाचंही तसंच. कॅनडात रॉजर्स आणि अलायंट या कंपन्यांमध्ये खांबांवरून केबल नेण्याचा करार होता, पाच वर्षांचा, पुढे पाच पाच वर्षांनी वाढणारा, एक वर्षाची नोटीस देऊन संपवता येणारा. नोटिशीबद्दलच्या शब्दांआधी एक स्वल्पविराम होता आणि त्यामुळे पहिल्या पाच वर्षांतही नोटीस देता येते असा निर्णय 2006 मध्ये नियामकाने दिला. 2007 मध्ये कराराच्या नमुन्याचा फ्रेंच मसुदा बघून तो फिरला, पण तोवर वर्षभर दोन्हीकडचे वकील एका स्वल्पविरामावर भांडत होते. पॅरालीगलला प्रूफरीडिंग देतात तेव्हा ते हलकं काम वाटतं बऱ्याच जणांना. ते हलकं नाहीये.

ऑफिसमध्ये मला सगळ्यात जास्त काय कामी आलं ते ऐकून आश्चर्य वाटेल, सहीचं पान. कोर्समध्ये 1897 ची सॉलोमन विरुद्ध सॉलोमन आहे, कंपनी ही तिच्या मालकापेक्षा वेगळी कायदेशीर व्यक्ती, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सरावाच्या सातव्या करारात पहिल्या पानावर पक्ष म्हणून कंपनी आहे आणि शेवटच्या पानावर सहीच्या जागी नुसतं माणसाचं नाव, कुणाच्या वतीने ते नाही. मी ते पकडलं नव्हतं, उत्तरपत्रिकेत वाचलं. महिनाभराने मॅडमनी एक ड्राफ्ट तपासायला दिला त्यात जवळजवळ तोच घोळ, कंपनीच्या नावातला एक शब्द पहिल्या पानावर आणि सहीच्या पानावर वेगळा. या वेळी दिसला. आता मी कुठलाही करार हातात आला की आधी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी शेजारी ठेवते, मग व्याख्या, मग क्रॉस रेफरन्स. मधला एखादा क्लॉज काढून टाकला की पुढचे सगळे नंबर सरकतात आणि 'क्लॉज 14.2 प्रमाणे' असं लिहिलेलं असतं तिथे 14.2 मध्ये काहीतरी भलतंच असतं, हे तर दर दोन करारांमागे एकदा सापडतं.

व्यापारी कायद्याचा भाग लहान आहे, मालविक्री, एजन्सी, भागीदारी, तारण, हमी, थोडं आंतरराष्ट्रीय. भागीदारी उरकून टाकलीय. पण इन्कोटर्म्सचं, म्हणजे माल पोचवण्याचा खर्च आणि धोका कुणाकडे हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ठरीव नियमांचं, लेक्चर उत्तम आहे, 2020 च्या आवृत्तीतले अकराच्या अकरा नियम घेतलेत आणि प्रत्येकात दोनच प्रश्न विचारलेत, खर्च कुठपर्यंत कुणाचा आणि धोका कुठे बदलतो. त्यातल्या सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडं) नियमात विक्रेता पोचायच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, म्हणून माल बुडाला तर तोच बघेल असं मला वाटायचं, पण धोका तर माल जहाजावर चढला की खरेदीदाराकडे गेलेला असतो. आणि मालकी कधी बदलते हे इन्कोटर्म्स सांगतच नाहीत, त्यासाठी करारात वेगळं बघावं लागतं. मालविक्रीच्या 1980 च्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनबद्दलही एक गोष्ट पक्की बसली: दोन्ही पक्ष वेगवेगळ्या सदस्य देशांतले असतील तर साधारणपणे ते आपोआप लागू होतं, नको असेल तर करारात तसं ठरवावं लागतं. कुठला कायदा लागू हे सांगणारा क्लॉज मी आता शेवटी नाही, सुरुवातीलाच वाचते.

आता तक्रारी. एक वर सांगितली. दुसरी अशी की कोर्स 'कॉमन लॉ' (इंग्लंडमधून आलेली, कोर्टाच्या निकालांवर उभी कायद्याची पद्धत) म्हणून सगळं एकाच टोपलीत टाकतो. प्रतिफलाचंच घ्या. झालेल्या गोष्टीचं प्रतिफल चालत नाही हा इंग्लिश नियम क्विझमध्ये सरसकट बरोबर उत्तर म्हणून येतो, पण 1872 च्या भारतीय करार कायद्यात प्रतिफलाची व्याख्याच अशी आहे की विनंतीवरून आधी केलेली गोष्टही त्यात बसते, आणि ती वचन घेणाऱ्याऐवजी दुसऱ्या कुणी केली तरी चालते. अज्ञानाच्या, म्हणजे सज्ञान न झालेल्या व्यक्तीच्या, कराराचंही तसंच, मोहोरी बीबी खटल्यात 1903 मध्ये प्रिव्ही काउन्सिलने (ब्रिटिश काळातलं भारतासाठीचं शेवटचं अपील कोर्ट) तो भारतीय कायद्याखाली मुळातच शून्य ठरवला, इंग्लंडमध्ये उत्तर वेगळं निघतं. विद्यार्थी कुठल्याही देशातला असो, धड्याच्या सुरुवातीला 'हे कुठल्या कायद्याप्रमाणे' एवढी एक ओळ तरी हवीच.

तिसरी तक्रार जुन्या धड्याची. दंडाच्या क्लॉजवर, म्हणजे करार मोडला तर ठरलेली रक्कम द्यायला लावणाऱ्या क्लॉजवर, 1915 ची डनलॉप केस आणि नुकसानीचा आधीच केलेला प्रामाणिक अंदाज एवढंच शिकवलंय. 2015 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने कॅव्हेंडिश विरुद्ध मकदेसीमध्ये कसोटी बदलली, आता विचारतात की करार पाळला जाण्यात त्या पक्षाचं रास्त हित आहे का आणि त्या हिताच्या मानाने रक्कम प्रमाणाबाहेर आहे का. मी मेल केला, सहा आठवड्यांनी उत्तर आलं की पुढच्या वेळी सुधारू, क्विझमध्ये अजून जुनंच उत्तर बरोबर धरतात. पैसे देऊन शिकणाऱ्याला दहा वर्षांपूर्वी बदललेला नियम चालू म्हणून शिकवणं चूक आहे, आणि हे मी त्यांना तसंच कळवलंय.

फ्लॅशकार्ड पहिल्या दोन महिन्यांनंतर बंद केले. शब्द ओळखीचे व्हायला बरे, पुढे नाही.

एक छोटा धडा मात्र सगळ्यांनी बघाच, पॅरालीगलने काय करायचं नाही त्याचा. क्लॉज शोधणं, तुलना करणं, तारखांचा तक्ता करणं, गडबड दिसली की खूण करणं हे आपलं. क्लायंटने फोनवर 'मग आम्ही करार मोडू शकतो का' विचारलं तर त्याचं उत्तर वकिलाने द्यायचं, तुम्हाला उत्तर येत असलं तरी. मला दुसऱ्याच आठवड्यात असा फोन आला आणि उत्तर जिभेवर होतं, फोर्स मेजरचा (हाताबाहेरच्या संकटामुळे करार पाळता आला नाही तर काय, ते सांगणारा) क्लॉज मी आदल्याच दिवशी वाचला होता. प्रश्न शब्द न शब्द लिहून घेतला आणि मॅडमना दिला. त्यांनी तोच क्लॉज वाचला आणि त्याआधीचा नोटिशीचा पण वाचला, जो माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि नोटिशीची मुदत उलटून गेलेली होती.

कुणी घ्यावा? कायद्याचं काहीच वाचलं नसेल तर आधी महिनाभर लेक्चर्स बघा आणि दुसऱ्या महिन्यातच फोल्डर उघडा, माझ्यासारखं चौथ्यापर्यंत थांबू नका. आधीपासून ऑफिसात काम करत असाल तर थेट करारांपासून सुरुवात करा. माझा अ‍ॅक्सेस अजून चार महिने आहे आणि तीन करार बाकी आहेत, त्यातला एक एजन्सीचा, त्याचं पहिलं आणि शेवटचं पान काल रात्री शेजारी ठेवून बघितलं, दोन नावं जुळत नाहीयेत, आणि या वेळी उत्तरपत्रिका अजून उघडलेली नाही.